कैद्यांचं घर कसं दाखवायचं? आगाखान पॅलेस पाहताना

मागच्या रांगेपर्यंत आवाज येतोय ना? बरं.

आज ज्या वास्तूबद्दल बोलायचं आहे ती इथल्या बहुतेकांनी पाहिलेली आहे. पुण्याचा माणूस आगाखान पॅलेसला आयुष्यात दोनदा जातो. एकदा शाळेच्या सहलीत, आणि एकदा बाहेरगावचे पाहुणे घरी आले की. (हशा) मीही तसाच दोनदा गेलो होतो. तिसऱ्यांदा गेलो ते मुद्दाम, वही घेऊन, आणि त्यानंतर बरेचदा. आज जे बोलणार आहे ते त्या वहीतलं आहे. ही थोडी तक्रार आहे, पण ज्या घराशी आपलं काही नातं आहे त्याच्याबद्दलच माणूस तक्रार करतो, तशी ती घ्यावी.

पहिल्या सहलीतलं मला काय आठवतं? हिरवळ. मोठ्या मोठ्या कमानी. आणि डबा कुठे खाल्ला ते. इथे कुणाला तरी कोंडून ठेवलं होतं, हे मला त्या दिवशी कळलंच नाही. बाईंनी सांगितलं असणार. 'गांधीजी इथे राहत होते' असं सांगितलं असणार. आता हे 'राहत होते' क्रियापद बघा. आपण कोणत्याही थोर माणसाच्या घराबद्दल हेच म्हणतो. टिळक केसरीवाड्यात राहत होते. गांधीजी मुंबईला मणिभवनात उतरायचे. पण ९ ऑगस्ट १९४२च्या पहाटे ज्यांना मुंबईत अटक झाली, खास गाडीने आणून चिंचवडला उतरवलं, आणि तिथून मोटारीने येरवड्याच्या या बंगल्यात आणून काटेरी तारांच्या आत ठेवलं, ते इथे 'राहत' नव्हते. नेहरू, आझाद, पटेल वगैरे मंडळी त्याच गाडीने पुढे अहमदनगरच्या किल्ल्यात गेली. किल्ल्यात गेलेल्यांना आपण बिनदिक्कत कैदी म्हणतो. पॅलेसमध्ये आलेल्यांच्या बाबतीत मात्र जीभ अडखळते. इमारत देखणी आहे ना!

माझा सगळा मुद्दा या अडखळण्याभोवती आहे. राहत्या घराचं संग्रहालय करायचं म्हणजे काय करायचं? साधारणपणे उत्तर सोपं असतं. तो माणूस जसा राहिला तसं घर ठेवायचं. त्याचं टेबल, त्याचा चष्मा, त्याची खुर्ची. पण ज्या घरात माणूस स्वतःच्या इच्छेने आलाच नाही, जे घर त्याचं नव्हतंच, ते घर कसं ठेवायचं? तिथे जपायचं काय? भिंती तर दुसऱ्याच्या आहेत.

भिंतींपासूनच सुरू करू. पॅलेस बांधला १८९२ साली, सुलतान मोहम्मद शाह, तिसरे आगाखान यांनी, आणि तो दुष्काळाने गांजलेल्या आसपासच्या लोकांना काम मिळावं म्हणून बांधला, असं सगळीकडे सांगितलं जातं. सहलीतही सांगतात, पर्यटनाच्या पुस्तिकेतही असतं. खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण दोन गोष्टी मनात येतात. एक, तिसरे आगाखान जन्मले १८७७च्या नोव्हेंबरात. म्हणजे १८९२मध्ये ते चौदा-पंधरा वर्षांचे होते. वयाच्या आठव्या वर्षी ते इमाम झाले होते हे खरं, पण पंधरा वर्षांच्या मुलाच्या नावावर एवढं बांधकाम निघतं तेव्हा निर्णय कोण घेतं, पैसा कोण बघतं, हे कुणीतरी सांगायला हवं. त्यांच्या आई तेव्हा कारभारात होत्या, त्यांचं नाव मी तिथे कधी ऐकलं नाही. दुसरी गोष्ट म्हणजे दुष्काळ. आपल्याकडचे इतिहासात गाजलेले दुष्काळ म्हणजे १८७६ ते ७८चा आणि १८९६-९७चा. १८९२ या दोन्हींच्या मधोमध येतं. मधल्या वर्षांतही टंचाई असायचीच, दख्खनमध्ये ती नवलाची गोष्ट नाही. पण मग कुठली टंचाई? कुठल्या गावची माणसं कामाला आली? मजुरी पैशात दिली की धान्यात? दगड कुठून आला? इतक्या सुंदर कमानी उभ्या करणाऱ्या हातांबद्दल 'गरिबांना काम दिलं' एवढंच वाक्य उरतं, आणि त्या वाक्यात कर्ता एकच असतो, देणारा. वास्तू हेच जिथे प्रदर्शन आहे तिथे बांधणाऱ्यांना निदान एक भिंत द्यायला हरकत नव्हती.

(पाणी मिळेल का? धन्यवाद.)

बरं. आता आत जाऊ.

आत गेलं की छायाचित्रं, चित्रं, माहितीफलक, काही वापरातल्या वस्तू, आणि दारातून बघायची गांधीजींची खोली. सगळं नीटनेटकं आहे. मणिभवन ज्यांनी पाहिलंय त्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल. तिथे दुसऱ्या मजल्यावर काचेपलीकडे गादी, चरखे, आणि शेजारी लहान लहान बाहुल्यांचे देखावे आहेत. मला ते देखावे आवडतात, खोटं कशाला बोलू! लहान मुलं तिथे रेंगाळतात. शिवाय मणिभवनला ते शोभतं, कारण तिथे १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मित्राच्या, रेवाशंकर झवेरींच्या, घरी पाहुणे म्हणून उतरत. लोक येत, बैठका होत, रस्त्यावरून जाणाऱ्या पिंजाऱ्याकडून कापूस पिंजणं शिकून घेतलं जाई. घराचं दार उघडं होतं. तिथे वस्तू मांडल्या की वस्तूंमागचा गजबजाट कल्पनेत येतो.

सेवाग्रामला तर काही मांडावंच लागत नाही. मातीची भिंत, बांबू, कौलं, जमिनीवर चटई, लिहिण्याचं सामान, साप पकडायचा चिमटा. ती कुटी स्वतःच बोलते, कारण राहणाऱ्याने ती आपल्या विचाराच्या मापाने करून घेतली होती. तिथे आपण आपोआप चपला काढून, आवाज खाली आणून बसतो.

आता हीच मांडणी, म्हणजे गादी, चरखा, थोड्या वस्तू, आगाखान पॅलेसमध्ये आणून ठेवली की काय होतं? उंच छताच्या, प्रशस्त व्हरांड्यांच्या घरात ती साधी गादी बघून पाहुणे म्हणतात, 'अरे वा, गांधीजी एवढ्या मोठ्या महालात किती साधे राहिले!' मी हे वाक्य स्वतःच्या कानाने ऐकलंय, एकदा नव्हे. म्हणजे कैद गायब झाली आणि साधेपणाची गोष्ट उरली. खुद्द गांधीजींचं यावर काय म्हणणं होतं? त्यांनी सरकारला लिहिलं होतं की मला एवढ्या मोठ्या जागेत, एवढ्या पहाऱ्यात ठेवणं ही जनतेच्या पैशाची उधळपट्टी आहे, मला कुठल्याही साध्या तुरुंगात न्या. कैदी स्वतः तक्रार करतोय की माझा तुरुंग फार महाग आहे! हे पत्र मी त्या खोलीच्या दारातच लावलं असतं. मग दारातून आत बघणाऱ्याला ती गादी वेगळी दिसली असती.

तिथे ठेवलं कुणाकुणाला होतं, तेही थोडं बघू. गांधीजी, महादेवभाई देसाई, सरोजिनी नायडू, मीराबेन आधी आले. कस्तुरबा दोन दिवसांनी. त्यांच्यासोबत डॉ. सुशीला नायर. नंतर प्यारेलाल आले, डॉ. गिल्डर आले, आणि १९४३च्या मार्चमध्ये बांच्या शुश्रूषेसाठी नागपूरच्या तुरुंगातून मनू, म्हणजे मनुबेन, आली. मनू तेव्हा किशोरवयीन मुलगी होती. एका मुलीला एका तुरुंगातून काढून दुसऱ्या तुरुंगात पाठवलं ते आजीची सेवा करायला. सुशीलाबेन, मीराबेन, मनुबेन या तिघींनीही या दिवसांबद्दल लिहून ठेवलंय. इतक्या जवळून, इतक्या बारकाव्यांनी नोंदलेला तुरुंगवास दुसरा क्वचित सापडेल. आणि त्या नोंदी वाचल्यावर लक्षात येतं की घर एकाचं नव्हतंच. संग्रहालय मात्र एकाचं आहे, बाकीचे फोटोच्या कडेला.

महादेवभाईंचंच बघा. १९१७पासून पंचवीस वर्षं गांधीजींचे सचिव, रोज दैनंदिनी लिहिणारा माणूस. अटकेला आठवडाही झाला नव्हता. १५ ऑगस्ट १९४२ला सकाळी हृदयविकाराने गेले. पन्नास वर्षांचे होते. योगायोग असा की ते आणि हा पॅलेस एकाच वर्षाचे, १८९२चे. सरकारने शव बाहेर नेऊ दिलं नाही. गांधीजींनी स्वतः त्यांना स्नान घातलं, आवारातच अग्नी दिला. आणि घरच्यांना कळवायला गांधीजींनी लिहून दिलेला तारेचा मजकूर? तो तारेने गेलाच नाही, टपालाने गेला, आणि काही आठवड्यांनी पोहोचला. एक कागद. तुरुंग म्हणजे काय हे समजवायला तो एक कागद पुरे आहे. बेड्या दाखवायची गरज नाही. उशिरा पोहोचलेली ती तार दाखवा. कैद्यांना पत्रं लिहायची परवानगी होती ती फक्त नातेवाइकांना, तीही घरगुती विषयांवर. गांधीजी म्हणाले, मग मी लिहीतच नाही. त्यांच्या खोलीत मांडायला खरी वस्तू कुठली, तर न लिहिलेली पत्रं! पण न लिहिलेलं पत्र कसं मांडायचं, हा मांडणी करणाऱ्यांपुढचा खराखुरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर काचेच्या पेटीत मिळणार नाही.

आता कस्तुरबा. इथे मी थोडा जास्त वेळ थांबणार आहे.

आगाखान पॅलेस आणि बा म्हटलं की आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एकच दृश्य येतं. गांधीजींच्या मांडीवर बांचं डोकं, २२ फेब्रुवारी १९४४, महाशिवरात्र. दृश्य खरंच आहे. पण चौऱ्याहत्तर वर्षांच्या आयुष्यातून, आणि या घरातल्या जवळजवळ अठरा महिन्यांतून, आपण फक्त शेवटची काही मिनिटं उचलली. त्या इथे आल्या कशा, हे किती जणांना माहीत आहे? ९ ऑगस्टला संध्याकाळी शिवाजी पार्कवर सभा होती. गांधीजी बोलणार होते, त्यांना पहाटेच उचललं. तेव्हा बा म्हणाल्या, मी बोलते. त्या निघाल्या आणि त्यांना अटक झाली. आधी आर्थर रोड, मग ११ तारखेला इथे. म्हणजे त्या नवऱ्यामागून आलेली बायको म्हणून इथे आल्या नाहीत. सरकारला त्यांचं भाषण नको होतं म्हणून आल्या. आणि तुरुंग त्यांना नवीन नव्हता. १९१३मध्ये दक्षिण आफ्रिकेत, १९३९मध्ये राजकोटच्या सत्याग्रहात त्या कैद भोगून आल्या होत्या. हा क्रम एका भिंतीवर लावला तर मांडीवरचं ते डोकं एका सत्याग्रहीचं दिसेल. आज ते नुसतं पतिव्रतेचं दिसतं. आपल्याकडे पतिव्रतेचं चित्र फार पटकन तयार होतं, हात आपोआप जोडले जातात, आणि हात जोडले की डोळेही मिटतात.

आणि कॅरम! बांना इथे कॅरमचा नाद लागला होता. मीराबेनबरोबर त्या खेळायच्या. गांधीजी त्यांचे धडे घ्यायचे, भूगोलाचे वगैरे, ते त्यांच्या लक्षात राहायचे नाहीत, पण कॅरम मात्र आवडीचा. मला विचाराल तर या घरातली सर्वांत जिवंत वस्तू कॅरमबोर्ड आहे. सत्तरी ओलांडलेली, छातीच्या दुखण्याने बेजार झालेली बाई, काटेरी तारेच्या आत, सोंगटी नेम धरून मारते आहे. हे दाखवलं तर त्यांचा मान कमी होईल असं कुणाला वाटत असेल तर तो आपला दोष.

दुखणं वाढलं तेव्हाची गोष्ट मात्र कॅरमसारखी हलकी नाही. बांनी वैद्याचे उपचार मागितले. पुण्यातले निसर्गोपचारवाले डॉ. दिनशॉ मेहता हवेत, असंही कळवलं. परवानग्या यायला दिवसांमागून दिवस गेले, पत्रांवर पत्रं गेली. वैद्यराज शिवशर्मा शेवटी आले, तर त्यांना रात्री आत थांबायची मुभा नाही. पेशंट आत, रात्री कधी काय होईल सांगता येत नाही. मग त्या वैद्यांनी काय करावं? ते फाटकाबाहेर आपल्या मोटारीत झोपले. बोलावणं आलं की आत. हे सगळं फाटक उघडण्यावर अवलंबून होतं.

मंडळी, आपण आज ज्या फाटकातून तिकीट काढून आत जातो, त्या फाटकाची ही गोष्ट आहे. माझ्या मते या संग्रहालयातली सर्वांत महत्त्वाची वस्तू ते फाटक आहे, आणि तिथे नेमकी तिकीट खिडकी आणि मोटारींची गर्दी असते.

आणखी एक गोष्ट आहे, ती सांगायला लोक कचरतात. पेनिसिलिनची. तेव्हा ते औषध नवीन, दुर्मीळ. देवदासभाईंनी खटपट करून ते कलकत्त्याहून विमानाने मागवलं. मुलाला वाटत होतं, शेवटचा प्रयत्न करू. गांधीजींचं म्हणणं, आता या घटकेला तिला वरचेवर सुया टोचून काय मिळणार. मुलगा आणि बाप यांच्यात वाद झाला, प्रेमाने झाला, पण झाला. आपल्यापैकी कितीतरी जणांनी दवाखान्याच्या व्हरांड्यात असाच वाद घातलेला आहे. मी घातलाय. कोण बरोबर होतं हे आज इथे ठरवण्यात मला रस नाही. पण संग्रहालयाने तो वाद सांगायला हवा, कारण तो ऐकल्याशिवाय त्या खोलीत काय घडलं ते कळतच नाही. स्मारकाला वादाची भीती वाटते. तो अवघड भाग गाळायचा आणि मग तरुण पोरं येत नाहीत म्हणून हळहळायचं, असं आपलं चाललंय.

थोडं विषयांतर करतो, पण ते जोडलेलं आहे. रत्नागिरीला थिबा पॅलेस आहे. ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाला इंग्रजांनी १८८५ला पदच्युत केलं, १८८६ला रत्नागिरीत आणून ठेवलं. जवळजवळ चोवीस वर्षं इतर बंगल्यांत काढल्यावर १९१०मध्ये त्याच्यासाठी हा वाडा पूर्ण झाला, आणि १९१६मध्ये तो तिथेच गेला. म्हणजे महाराष्ट्रात महालांचे तुरुंग निदान दोन. इंग्रजांची ही रीतच होती. ज्याला साध्या कोठडीत टाकणं लाजिरवाणं ठरेल त्याला महालात ठेवायचं, म्हणजे जग म्हणतं, बघा किती मानाने वागवलं! थिबा पॅलेसला गेलात तर वरच्या मजल्यावरून खाडी आणि समुद्र दिसतो. तो देखावा बघून आपण 'काय सुंदर' म्हणतो, आणि मग एकदम आठवतं की ज्याला त्या समुद्रापलीकडे जाता येत नव्हतं तो माणूस तीस वर्षं याच गावात होता. तिथे घर बरंचसं मोकळं आहे, आणि त्या मोकळेपणात हे आठवायला जागा मिळते. पूर्वी माझं मत होतं की आगाखान पॅलेसमध्ये अजून वस्तू हव्यात, त्या काळचं फर्निचर हवं. रत्नागिरीहून आल्यावर ते मत गेलं. वस्तू कमी कराव्यात असं आता वाटतं. वाढवायचेच असतील तर आवाज, पत्रं, तारखा वाढवाव्यात.

१९६९ला, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, चौथ्या आगाखानांनी ही वास्तू देशाला दिली. मोठंच दान. २००३ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तिला राष्ट्रीय महत्त्वाचं स्मारक ठरवलं. त्यामुळे छत गळणार नाही, कमानी पडणार नाहीत, हे झालं. इमारत वाचली. पुरातत्त्वाचं मुख्य काम इमारत वाचवणं, ते त्यांनी करावंच. पण इमारत १८९२ची आहे आणि स्मारक १९४२ ते १९४४चं. ज्या काटेरी तारांमुळे ही इमारत राष्ट्रीय महत्त्वाची झाली, त्या तारांचा मागमूस राहिलेला नाही. हिरवळ मात्र छान राखलेली आहे.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न (एक श्रोत्या): म्हणजे तिथे पुन्हा काटेरी तारा लावायच्या का? मुलं येतात, कुटुंबं येतात, त्यांना बागेत बसू द्यायचं नाही?

नाही नाही, बसू द्या. मीही डबा तिथेच खाल्ला होता. (हशा) तारा लावल्या तर तो सिनेमाचा सेट होईल. मला एवढंच म्हणायचंय की तार जिथून जात होती तिथे जमिनीत एक दगडी पट्टी बसवा, वीतभर रुंदीची. मुलं त्यावरून उड्या मारतील, मारू दे. एखादं विचारेल, ही पट्टी कसली?

प्रश्न: माझा चुलतभाऊ अमेरिकेहून आलाय, रविवारी त्याला घेऊन जाणार आहे. कुठून सुरुवात करू?

मागून करा. सगळे आधी घर बघतात आणि शेवटी, पाय दुखायला लागल्यावर, समाध्यांकडे जातात, काही जण जातही नाहीत. तुम्ही आधी सरळ समाध्यांकडे जा. महादेवभाई आणि बा शेजारी शेजारी आहेत. गांधीजी इथे असेपर्यंत रोज चालत तिथे फुलं वाहायला जायचे. त्या वाटेने तुम्ही उलटे घराकडे या, सावकाश. आणि बाहेर पडताना फाटकापाशी दोन मिनिटं थांबून भावाला त्या मोटारीत झोपलेल्या वैद्यांची गोष्ट सांगा. ऊन फार असतं, पाण्याची बाटली बरोबर ठेवा.